पुंजारामाच्या नावानं उचललेला भंडारा

गुलमंडी, औरंगाबाद
१२ फेब्रुवारी १९४९

तीर्थरूप मंजुळाअक्कास,

बद्रीनाथचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडं आम्ही सारे बरे आहोत. माझ्या सभा चालूच आहेत. परवा घसा बसला. तू म्हणशील, बरं झालं, लोकांना तेवढीच विश्रांती.

पुंजारामाला ताप आल्याचं तुझ्या दिराच्या, कडूबाच्या निरोपावरून कळलं. त्याच्या पोटात काही जातं का?

अक्का, कडूबानं तुला सांगितलं असेलच. तरी माझ्याकडून ऐक. पोलीस ॲक्शनच्या आधी रझाकारांनी दाजींना मारलं, तेव्हा त्यांना घर दाखवलं ते रसूल पिंजाऱ्यानं, असं तुमचं सारं पिशोर गाव म्हणतं. त्या दिवशी रसूल इथं माझ्या घरी गाद्या भरत होता. त्याला गावात परत यायचं असेल, तर मी इथल्या सातारा गावच्या खंडोबापुढं हळदीचा भंडारा उचलून शपथेवर तसं सांगावं, असं पंचांनी ठरवलं. मी हात पुढं केला, तोच कडूबा म्हणाला, "भाषणं लई ऐकली तुझी. सोताच्या नावानं नाय, भाच्याच्या नावानं उचल!"

मी उचलला. तुला न विचारता, तुझ्या एकुलत्या एका लेकराच्या नावानं.

आता कडूबाचा निरोप आहे, "शपथ खोटी, म्हणून पोर तापलं. शब्द फिरव, अजून वाचंल."

निजामाच्या पोलिसांपुढं माझी जीभ कधी अडखळली नाही. हे ऐकून मात्र मी भ्यालो. रसूल जवळच होता. म्हणाला, "भय्या, बच्चे के वास्ते बोल पलटा देव. मैं मुलुख छोड़ देतूं."

"आणि दाजींचं रक्त तुझ्या माथी?"

"रहने देव. बच्चा जीना."

मी देवापुढं बसलो. मागायला शब्द सुचेनात. मग मनात आलं, खरं बोललो म्हणून लेकरू नेईल तो मल्हारी नव्हे. तो माझ्या भयानं उभा केलेला कुणीतरी आहे. आणि खोटं बोलून ज्याच्याकडं पोराचं आयुष्य मागावं, असा दुसरा देव मला ठाऊक नाही. भीती लगेच गेली नाही. तसाच उठलो.

मी शब्द फिरवणार नाही. हे पत्र घेऊन माणूस आज पुढं निघतोय. उद्या मी डॉक्टरांना घेऊन येतो. रसूलही सोबत आहे. कडूबा आडवा आला तर मी बघतो. तू अडवलंस, तर आम्ही दोघं वेशीबाहेर बसून राहू. डॉक्टरांना तेवढं आत घे.

मला शिव्या दे, तुझा हक्क आहे. पण भिऊ नकोस.

तुझं लेकरू देवाच्या हवाली करून त्याच्याच भरवशावर निघालेला,
तुझा धाकटा भाऊ
बद्रीनाथ