चाळीस पावलांचं यंत्र

ओल्शिंका,
ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, १९७४

आदरणीय इग्नात्सी दाजी,

येशू ख्रिस्ताची स्तुती असो. (इथे तुम्ही 'युगानुयुगे, आमेन' म्हणालात असं धरतो. म्हणाला नसाल तर आता म्हणा, मी थांबतो.) पत्राच्या सुरुवातीलाच कळवतो की आम्ही दोघं देवाच्या कृपेनं धडधाकट आहोत आणि तुम्हा दोघांसाठीही तेच मागतो. अपोलोनियाचा गुडघा आहे तसाच आहे, म्हणजे पावसाची बातमी रेडिओच्या आधी देतो. डुक्कर अंगानं भरलं आहे. ब्रोन्याताईनं बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवलेला आंबवलेल्या कोबीचं पिंप पोचलं, आणि पिंपाच्या तळाशी गोणपाटात गुंडाळून जे होतं तेही पोचलं, पण त्याबद्दल नंतर. तुमच्या घोड्याची, शिवेकची, तब्येत उत्तम आहे. तुम्ही विचारली नाहीत (एप्रिलपासून तुम्ही कुणाचीच विचारली नाहीत, ताईच काय ते लिहिते), तरी कळवतो.

आता मूळ मुद्दा, म्हणजे माझं बटाटे काढायचं यंत्र. गेल्या वर्षीच्या यंत्राबद्दल तुमच्या कानावर बरंच काही आलं असेल आणि त्यातलं निम्मं खोटं आहे. रोझालियाबाईंचा दात पडला नव्हता, नुसता हलला होता. घोड्यानं ओढायच्या यंत्रात तसं अवघड काही नसतं. पुढे रुंद फाळ. तो वरंब्याच्या पोटाखालून जातो आणि माती, बटाटे, मुळं सगळं एकदम वर उचलतो. फाळाच्या मागे एक उभं चाक, त्याला आठ हात आणि प्रत्येक हाताच्या टोकाला काटा. हे चाक चालीला आडवं फिरतं आणि उचललेलं सगळं बाजूला भिरकावतं. माती मोकळी होऊन पडते, बटाटे वर दिसतात, बायका वेचतात. काट्यांच्या चाकाला फिरवतात ती जमिनीवरची दोन चाकं, मध्ये दातेरी चाकं घालून. म्हणजे घोडा चालला तरच सगळं चालतं. ठरवायचं ते एवढंच, की जमिनीवरचं चाक एकदा फिरलं की काट्यांचं चाक किती वेळा फिरावं. शेजारच्या कोन्स्तांतीच्या विकतच्या यंत्रात ते तीनदा फिरतं. माझ्याकडे मोडक्या कडबाकुट्टीची दातेरी चाकं पडून होती, ती बसवली तर सहा फेरे येत होते. सहा म्हणजे तीनच्या दुप्पट, इथपर्यंतचा हिशेब मी केला होता, त्याच्या पुढचा राहून गेला.

बटाटे बाजूला पडायच्या ऐवजी गावाला निघाले. काही कोन्स्तांतीच्या कोबीत सापडले, एक त्याच्या विहिरीत. रोझालियाबाई (चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या आमच्या स्टानिस्वावची बायको, गाण्यातला पहिला आवाज त्यांचाच) तिसऱ्या वरंब्यापाशी वाकल्या होत्या, त्या नेमक्या कंबर सरळ करायला उठल्या आणि एक बटाटा जबड्यावर बसला. दोन रविवार त्यांना गाता आलं नाही. त्या दोन रविवारांबद्दल गावात जे बोललं गेलं ते मी लिहीत नाही, कारण त्या आता माझ्या बाजूच्या आहेत.

तर त्याचा परिणाम असा, की यंदा आमच्याकडे सावडीला कुणी येईना. तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे काढणीत आज माझ्या शेतात, उद्या तुझ्या शेतात असं चालतं, मजुरी कुणी घेत नाही, पोटभर खाऊ घालायचं आणि फेडायचं ते हातांनीच. सावडीला नाही म्हणता येत नाही, फक्त आजारी पडता येतं. अपोलोनिया सप्टेंबरअखेर आमंत्रण द्यायला दारोदार फिरली आणि संध्याकाळी येऊन म्हणाली, "अख्खं गाव अंथरुणाला खिळलंय. फक्त आपल्या काढणीच्या वारापुरतं." कोन्स्तांतीचं यंत्र मागावं, तर त्याला मी दुकानासमोर चारचौघांत 'कॉफी दळायची चक्की' म्हणून बसलो होतो, त्यामुळे रांगेत माझा नंबर सगळ्यात शेवटी. तोवर जमीन गोठणार. दीड हेक्टर बटाटा जमिनीत, त्यावरच डुकरांचा आणि आमचा हिवाळा. खरं सांगतो दाजी, या वेळी मला भीती वाटली. अपोलोनियानं टोमणा मारायचं थांबवलं, त्यावरून ओळखा.

त्यात तुमचा घोडा. आमची म्हातारी घोडी मार्चमध्ये गेली, एप्रिलात तुमच्या डेअरीनं दूध गोळा करायला ट्रक घेतला, आणि शिवेक आमच्याकडे आला. देणगीच्या घोड्याबद्दल तक्रार करू नये हे मला कळतं. पण नांगराला जुंपला आणि तो चाळीस पावलं चालून थांबला. मान डावीकडे वळवली, थोडा वेळ तसाच उभा राहिला. मी ओरडलो. गाजर दाखवलं, ते त्यानं खाल्लं आणि उभा राहिला. चाबूक उगारला, तर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मीच चाबूक कुंपणाला टांगून आलो. मग त्याच्या मनात आलं तेव्हा निघाला, चाळीस पावलं चालला आणि थांबला. एकवीस वर्षं तुमच्या गाडीला तो फाटकाफाटकापाशी थांबला, प्रत्येक फाटकाजवळच्या लाकडी ओट्यावरून तुम्ही त्याच्या डाव्या बाजूनं दुधाचे कॅन चढवलेत, घरधनिणीची विचारपूस केलीत, मग पुढे. तुमच्या गावातली फाटकं चाळीस पावलांवर आहेत हे मला त्या दिवशी कळलं. मी तुम्हाला तीन पत्रं लिहून विचारलं की हा कशानं हलतो. उत्तर आलं नाही. (ताईनं कळवलं की तुम्ही चुलीजवळच्या बाकावर बसून असता, गाडी ओसरीखाली उभी आहे, आणि ट्रकचा आवाज आला की उठून खिडकी लावता.)

नांगराला हे चालून जातं. बटाट्याच्या यंत्राला नाही. घोडा मध्येच थांबला की काट्यांचं चाक थांबतं, फाळावर आलेली माती तिथेच ढीग होऊन बसते, वरून मुळं आणि गवत गुंडाळतं. मग तरफ ओढून फाळ वर घ्या, घोडा मागे सरकवा (शिवेक मागे सरकत नाही, मागच्या फाटकाचं दूध त्यानं घेतलेलं असतं), हातानं माती काढा. दर चाळीस पावलांनी हे केलं असतं तर आम्ही नाताळच्या आसपास बांधाला पोचलो असतो. मग मी ठरवलं, घोडा सुधारत नसेल तर यंत्र सुधारायचं.

लोहाराकडे तीन आठवडे बसलो. पहिलं म्हणजे सहाचे तीन फेरे केले. (कोन्स्तांतीला सांगू नका.) दुसरं, जमिनीवरच्या चाकांत खटके बसवले, म्हणजे सायकलचं पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं, तसं घोडा थांबला तरी काट्यांचं चाक मोकळं फिरत राहील. तिसरं, आणि याचा मला खरा अभिमान आहे, त्या चाकाला आतून जुन्या गाडीच्या चाकाची लोखंडी धाव बोल्टनं आवळली. त्या वजनानं ते शिवेक थांबल्यावरही चार-पाच फेरे खातं आणि फाळावर उरलेली माती झाडून टाकतं. चौथं, बाजूला गोणपाटाचा पडदा, म्हणजे बटाटा कितीही जोरात सुटला तरी पडद्यावर आपटून पायाशी पडावा. पडद्याला गोणपाट कमी पडलं तिथे अपोलोनियाची एक चादर लावली. ती कोणती होती हे तिला कळलं तेव्हा काढणी झालेली होती, म्हणून मी हे पत्र लिहू शकतो आहे.

तेवढ्यात अपोलोनियानं रोझालियाबाईंना गाठलं. त्या आल्या तर बाकीच्या येणार हे उघड होतं. रोझालियाबाई म्हणाल्या, "येईन मी. पण पहिला वरंबा मी झाडामागून बघणार. आणि त्याला म्हणावं, पुन्हा माझ्या तोंडावर बटाटा आला ना, तर तो तसाच कच्चा त्याला खायला लावीन." त्या मंगळवारी सकाळी खरंच आल्या, डोक्यावर पातेलं उलटं घालून, हनुवटीखाली रुमालानं घट्ट बांधून. मागून आणखी सातजणी, सगळ्यांच्या हातात पत्र्याच्या बादल्या आणि चेहरे मयताला आल्यासारखे.

पहिला वरंबा. शिवेक निघाला. फाळ जमिनीत गेला, माती उठली, काटे फिरले, बटाटे पडद्यावर टपटप आपटून खाली ओळीत पडले. मला रडू आलं हे कबूल करायला लाज वाटत नाही. चाळीस पावलांवर शिवेक थांबला, काट्यांचं चाक गरगर फिरून फाळ स्वच्छ करून शांत झालं, आणि त्यानं मान डावीकडे वळवली. मी म्हटलं, झालं, आता या हसणार. पण हसलं कुणी नाही. त्या वेचत वेचत यंत्रापर्यंत आल्या, कंबर सरळ केली, एकमेकींशी दोन शब्द बोलल्या. कोन्स्तांतीच्या शेतात घोडा थांबत नाही, यंत्र पुढे आणि बायका मागे धावतात, दुपारपर्यंत पाठ मोडते. रोझालियाबाईंनी झाडामागून येऊन घोड्याकडे पाहिलं. "हा बरा आहे की," त्या म्हणाल्या, "याला माणसांचा कळवळा आहे. वालेंती, हे तू केलंस?" मी म्हटलं, अर्थात, सगळा विचार करूनच यंत्र केलंय.

मग तो निघेना. मी लगाम हलवला, जीभ टाळूला लावून आवाज केले. आणि रोझालियाबाईंनी बादली ओतायला उचलली ती शेजारणीच्या बादलीवर आपटली. टण्ण. शिवेक निघाला. चाळीस पावलं, थांबला. पुन्हा टण्ण, पुन्हा निघाला. दाजी, कॅनवर कॅन आपटला की गाडी पुढे, एवढंच होतं ते. तीन पत्रांत मी विचारलं आणि तुम्ही एक ओळ लिहिली नाहीत. पण त्याबद्दल माझ्या मनात काही नाही, कारण तेव्हापासून सगळं सुरळीत झालं. वेचून झालं की बायका बादली वाजवायच्या, झालं नसेल तर वाजवायच्या नाहीत. रोझालियाबाईंनी दुपारी पातेलं डोक्यावरून काढलं आणि त्यातच आंबट दूध प्यायल्या. तीन दिवसांत दीड हेक्टर संपला. शेवटच्या दिवशी बटाट्याचा वाळलेला पाला पेटवून राखेत बटाटे भाजले, अपोलोनियानं किसलेला बटाटा भट्टीत भाजून केलेली बाब्का आणि चरबीचे तुकडे आणले, आणि ज्या बायका महिनाभर आजारी होत्या त्या बसल्या जागी चार-चार तुकडे खात होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जमीन दगडासारखी गोठलेली होती. आमचं तळघर भरलेलं आहे. मी खूश आहे, दाजी. पुढच्या वर्षी पहिला नंबर आमच्या यंत्राला द्यायचा असं गावानं ठरवलं आहे, आणि कोन्स्तांती परवा उगाचच कुंपणाशी येऊन हवापाण्याचं बोलून गेला.

ताईला नमस्कार. फादरनी तुमची चौकशी केली.

तुमचा मेहुणा,
वालेंती

ता. क. काढणीभर यंत्रावर मी बसलो होतो असं वर वाटलं असेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं नाही. दुसऱ्या वरंब्यानंतर बायकांनी मला खाली उतरवलं. त्यांचं म्हणणं, मी उगाच 'चल, चल' करतो आणि घोडा गोंधळतो. पुढे मी पोती वाहिली.

ता. क. २. पिंपाच्या तळाशी जे होतं ते म्हणजे तुमच्या दूधगाडीची बसायची फळी. ताईनं काढून पाठवली. तुम्ही शोधत असाल, तिला बोलू नका. ती मी यंत्रावर बसवली आहे. ती तुमच्या बसण्यानं एका बाजूला झिजलेली आहे, त्यावरून मी घसरतो, रोझालियाबाईही घसरल्या.

ता. क. ३. आता जे लिहायला बसलो होतो ते लिहितो. सर्व संतांच्या दिवशी ताई आईच्या थडग्यावर दिवा लावायला येईलच. तुम्हीही या आणि तिच्याबरोबर परत जाऊ नका. पुढच्या शरदात आठ घरांची काढणी या यंत्रावर आहे आणि बायकांनी एकमतानं सांगितलंय की वालेंती चालणार नाही, घोड्याचा माणूस आणा. शिवेक बादलीच्या आवाजानं निघतो हे खरं. पण आधी मान वळवून डावीकडे पाहतो. दर वेळी पाहतो. तीन दिवसांत किती वेळा पाहिलं ते मी मोजलं नाही, रोझालियाबाईंनी शेवटी तोंड फिरवलं.

ता. क. ४. उत्तर लिहू नका, तुम्ही लिहीत नाही हे आता मला माहीत आहे. फक्त याल तेव्हा तबेल्यात डावीकडून जा, आणि हातात बादली नेऊ नका.