यजमानाचं ताट

वाल्येवो, २६ ऑक्टोबर

प्रिय रादिशा,

पत्र उघडल्यावर आधी शेवट बघायची तुझी लहानपणापासूनची खोड. या वेळी बघू नकोस. वरून खाली वाच आणि माझ्या सुनेला, अलेन्कालाही वाचून दाखव. सात वर्षांत मी तुम्हाला नुसती नाताळची कार्डं पाठवली, धड पत्र असं हे पहिलंच. टपाल ल्युब्ल्यानाला पोचायला पाच दिवस लागतात आणि आपल्या संताचा सण, स्लावा, आठ नोव्हेंबरला, म्हणून सगळी कामं टाकून लिहायला बसलेय.

काल कपाटातून माझ्या लग्नातली चिनीमातीची ताटं खाली काढली, ती निळ्या काठाची. चोवीस होती, आता तेवीस आहेत. कोमट पाण्यातून काढून एकेक पुसलं. टेबलावर तुझ्या आजीनं भरलेली चादर घातली, तिच्यावरचा वाइनचा डाग काही जात नाही, त्यावर मुरंब्याची वाटी ठेवते झालं. सूपच्या भांड्याच्या झाकणाचा टवका तूच उडवलास, ती बाजू मी अजून भिंतीकडे फिरवून ठेवते. कुळाच्या संताचा दिवस म्हटलं की हे सगळं हात आपोआप करतात. पण यंदा अर्धं मांडून मी खुर्ची ओढून बसले.

कारण मांडून होईल, पण उभं कोण राहणार? तुझ्या बाबांना ऑगस्टमध्ये पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालतात, बोलताना अर्धे शब्द तोंडातच राहतात. तुला कळवलं नाही, कारण शुद्धीवर आल्या आल्या त्यांचं पहिलं वाक्य, "त्याला कळवलंस तर याद राख." मेल्या हट्टीपणाला काही औषध नाही! पाहुण्यांनी बसायचं आणि यजमानानं दिवसभर उभं राहून वाढायचं, चाळीस वर्षं हे त्यांनी केलं. एकदासुद्धा टेकले नाहीत, ताप असतानाही नाही.

गुरुवारी स्रेतेनकाका आला, बायकोला घेऊन. म्हणाला, "वहिनी, कशाला जिवाला घोर लावून घेता? मी राहतो की उभा. मी काय परका आहे?" आणि ती बया सूपचं भांडं उलटं करून खालचा शिक्का वाचत होती! "आमच्या टेबलावर काय शोभेल हो," म्हणाली. तुला कळतंय ना? यंदा तो आमच्याकडे उभा राहील, पुढच्या वर्षी संताची मेणबत्ती त्याच्या घरी लागेल, आणि मग या घराला कोण विचारतो. तुझ्या बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी म्हटलं, "भावोजी, अजून दिवस आहेत. माणूस जिवंत आहे, एवढी घाई कसली?" तर म्हणतो, "तुमचा तो ल्युब्ल्यानाचा साहेब यायचा नाही, वहिनी. त्याला उंबरठा तरी आठवतो का?" मी पातेल्यावर झाकण असं आदळलं की दोघं उठलीच.

आता जे सात वर्षं गिळून बसलेय ते सांगते. त्या स्लावाला सकाळी अलेन्का टेबल मांडत होती. पाहुणे तेवीस, तिनं ताटं चोवीस मांडली. टेबलाच्या डोक्याशी एक ताट आणि खुर्ची, तुझ्या बाबांसाठी. तिच्या माहेरी घरधनी तिथंच बसतो, तिला काय ठाऊक! मी स्वयंपाकघराच्या दारातून ते पाहिलं, रादिशा. पाहिलं आणि गप्प बसले. त्या आठवड्यात त्यांचे गुडघे सुजले होते, पहाटे कण्हत उठायचे. मला वाटलं, एकदा तरी बसू देत. मी सांगितलं तर अंगावर येतील, नव्या सुनेचं कदाचित ऐकतील. म्हणून मी पाठ फिरवून कोबीच्या पानांत सारण भरत राहिले.

मग भरल्या टेबलासमोर ती मायेनं म्हणाली, "बाबा, आता तुम्ही बसा, आम्ही आहोत ना." पाद्रीबाबांचा घास हातातच राहिला. यजमानाला बस म्हणणं म्हणजे तुझे दिवस संपले म्हणणं. "कोणी मांडलं हे ताट? मेलो का मी?" आणि ताट फरशीवर. तू तिची बाजू घेतलीस, ते "चालता हो" म्हणाले, तू तिचा हात धरून निघालास. तेव्हा मी एक शब्द बोलले असते तर! पण मी केरसुणी घेऊन तुकडे गोळा करत होते. तुला वाटत असेल आई बिचारी मधल्यामध्ये भरडली गेली. नाही रे, आई भित्री निघाली.

स्रेतेन गेल्यावर गुरुवारीच मी हे सगळं तुझ्या बाबांना सांगितलं. दोन दिवस चमचा पुढे केला की तोंड फिरवायचे. शनिवारी मी ताटं धुतली ती त्यांच्या नजरेसमोरच.

आज सकाळी कॉफी पाजताना एकदम म्हणाले, "मग पोरीला एकटीला का बोलणी खाऊ दिलीस?" अलेन्का, बाळा, मला माफ कर. मग त्यांनी एकेक शब्द जुळवला. "त्याला लिही," म्हणाले. "ये म्हणू नको, स्लावाला कोणाला बोलवत नसतात, ज्याचं त्यानं यायचं. एवढंच विचार, उभा राहतोस का." मी रडायलाच लागले. डोळे पुसून म्हटलं, अहो, मग तुमचं ताट मांडू ना मी? ओठांच्या कोपऱ्यातून कॉफी गळत होती, ती पुसू दिली. म्हणाले, "तू नको. तिला मांडू दे."

तुझीच,
आई