एकशे अठरा सेंटिमीटर

सोमवार, ४ ऑगस्ट
आलो एकदाचा! तोबा सरोवरावर फेरीबोटीत वारा असा लागला की अंगावरची मेदान शहराची सगळी धूळ उडाली. खोलीच्या खिडकीतून नुसतं पाणी दिसतं. जेवायला आर्सिक होतं, हळदीतला मासा, काटेसुद्धा चोखून टाकले.

काम नामी आहे. हुता सिलोम्बु हे जुनं गाव बघायला येणाऱ्यांसाठी नवं प्रवेशद्वार करायचं. सध्याचं म्हणजे मातीच्या बांधातली एक फट, दोन बाजूंना दगड आणि छातीच्या उंचीवर आडवी बसवलेली कोरीव तुळई. येणारा प्रत्येकजण कमरेत वाकून आत शिरतो. गेल्या महिन्यात एका पाहुणीचं कपाळ फुटलं म्हणे. मीही या लोकांसारखा बाताकच, पण शहरातला. माझ्या दारातून माणूस ताठ मानेनं आत येईल, हे मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना ऐकवलं.

आत कुणाला सोडायचं हे ओप्पुंग तियाम्सा ठरवतात. अख्ख्या गावाची आजी, विड्यानं ओठ लाल. कूळ कोणतं, बाप कोण, बापाचा बाप कोण, असं विचारत सुटल्या. आजोबांच्या मागचं मला एकही नाव येईना. तीन पायऱ्या चढला आणि शिडीवरून पडला की हा, असं म्हणून म्हातारी खो खो हसली. राग आला, पण दाखवला नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट
मोजमापं झाली. तुळईची उंची जमिनीपासून एकशे अठरा सेंटिमीटर. माझं दार दोनशे चाळीसचं. तुळईवर एका ओळीत उंचवटे कोरलेत, माळेच्या मण्यांसारखे. मुकादम तुम्पाल स्वतः कोरीवकाम करणारा, त्याला विचारलं. जुनं काम आहे, हात लावू नका, एवढंच म्हणाला.

ओप्पुंगचं म्हणणं असं, की तळ्यात बुडालेल्यांची पाठ लाकडासारखी ताठते. त्यांना वाकता येत नाही, म्हणून ते बांधाबाहेर राहतात. मी विचारलं, मग चाकाच्या खुर्चीवरच्या माणसानं काय करायचं? म्हातारी थुंकली. माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर.

शनिवार, ९ ऑगस्ट
तुळई काढली. तुम्पालची माणसं पुढे येईनात, तेव्हा करवत मीच हातात घेतली. तीन तुकडे केले आणि कॉफीच्या टपरीपुढे बसायला टाकले. लाकूड आतून ओलं निघालं. वास खाटकाच्या ओट्यासारखा.

सगळं गाव बांधावर उभं राहून बघत होतं. फक्त ओप्पुंग म्हणाल्या, काढलीस तू, आता जागाही तूच भरशील. भरतो की, काँक्रीटनं, असं म्हणून मी हसलो. एकटाच.

बुधवार, १३ ऑगस्ट
भर दुपारी, रणरणत्या उन्हात, दाराच्या उघड्या फटीत ओली पावलं. तळ्याकडून आत गेलेली. परतीचं एकही नाही. खांबांवरच्या पहिल्या घराच्या शिडीशी संपतात.

टपरीवर मी बसलो की लोक उठून जातात. कॉफी गार देतात. हा दार बांधायला आला नव्हता, भोक पाडायला आला होता, असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलतात. मान अवघडली आहे. उशी बदलून मागितली.

शुक्रवार, १५ ऑगस्ट
पावलं आज शिडीच्या तिसऱ्या पायरीवर. त्या घरातली बाई सकाळपासून पाणी ओकते आहे — तळ्याचं, शेवाळासकट. तिच्या नवऱ्यानं माझी गचांडी धरली. मला त्याच्या डोळ्यांत बघता येईना. मान वर होत नव्हती.

खोलीवर येऊन भिंतीशी उभा राहिलो, टेप लावली. माझी उंची एकशे बहात्तर. पाठ सरळच होईना, आज एकशे एक्कावन्न.

शनिवार, १६ ऑगस्ट
तळ्यापलीकडच्या दवाखान्यात जायला धक्क्यावर गेलो. नाववाल्यानं दोर सोडला आणि मला न घेताच निघाला. दुसराही तसाच. मला भीती वाटते आहे. लिहितो स्पष्ट, मला फार भीती वाटते आहे.

तुळई परत बसवायची! जोडून, खिळे ठोकून, कशीही! टपरीकडे धावलो. तुकडे नव्हते. ओप्पुंगनी जाळायला लावले, असं तुम्पाल म्हणाला. मेलेली तुळई दारात चालत नाही म्हणे.

एकशे एकोणचाळीस.

सोमवार, १८ ऑगस्ट
आज सगळे गोड वागतायत. तेच सहन होत नाही. ओप्पुंगनी स्वतःच्या हातानं भात भरवला, पाठीवर हातानं विणलेला उलोस पांघरला. मी रडलो, चुकलो म्हणालो, सोडा म्हणालो.

"रडू नको रे बाळा," त्या म्हणाल्या, "याआधीचाही शहरातूनच आला होता."

बोलता बोलता त्यांचं बोट माझ्या पाठीवरून फिरत होतं. एकेक मणका मोजत —

एकशे चोवीस.

मंगळवार, १९ ऑगस्ट
सकाळी उचलून आणलं. दारात. एका दगडाला कंबर, दुसऱ्याला डोकं. बांधलेलं नाही — गरजच नाही. एक हात हलतो. वही खालच्या दगडावर.

तुम्पालनं जमिनीपासून माझ्या पाठीपर्यंत टेप लावली. बरोबर एकशे अठरा, म्हणाला. छिन्नी पाजळायला बसला. शेजारी रंगाच्या तीन वाट्या. लाल, काळा, पांढरा.

एक पाहुणी आली. माझ्याखालून वाकून आत गेली. वर पाहिलंसुद्धा नाही —

दुपार. पाणी टपकतंय. पाय दिसतात. नुसते पाय. ओले, फुगलेले — दोन, सहा, पुष्कळ. अडले आहेत. ओप्पुंग मागून ओरडतायत, हलू नकोस, आत लेकरं आहेत, नुसता आडवा राहा —

गार हात. छातीखालून. वर उचलतायत. किती हळू, किती — दुखत नाही. पाठ सरळ होते आहे. मान वर येते आहे. लेकरं आत आहेत, कळतंय मला, पण मी — मला पुन्हा ताठ उभं राहता ये