इम्पाला आणि हरीण

एस्पान्योला,
ईस्टरची आदली संध्याकाळ

रामिरोदादा,

आजोबांची इम्पाला गाडी तयार झाली. मी शेजारी बसले असताना डोंगरातल्या वळणावर तू कड्यावर घातलीस, तीच. रंग तोच चेरीसारखा लाल, डिकीवर आजोबांचं तेच चित्र. इंजिन मात्र नवं आहे, आणि ब्रेक आता हातानं लागतो. त्या दिवसापासून माझे पाय हलत नाहीत, हे तुला टेक्सासात कुणीतरी कळवलं असेलच.

फिदेन्सिओकाका वेल्डिंग करता करता कुरकुरला, "पोरी, चौसष्टच्या गाडीला हातानं ब्रेक? तुझा आजोबा थडग्यातून उठून बसेल!"

"बसू दे की," मी म्हटलं, "मागच्या सीटवर ऐसपैस जागा आहे."

उद्या चर्च सुटलं की सगळ्यांच्या गाड्या निघतील, मुद्दाम जमिनीला टेकतील इतक्या खाली बसवलेल्या, चालत्या माणसापेक्षा हळू. आपण गाडी एवढी सजवतो ती लोकांनी डोळे भरून पाहावी म्हणून. तुला तेव्हा एवढी कसली घाई होती, हे मी कधी विचारलं नाही. हरीण आडवं आलं, असं तू सगळ्यांना सांगितलंस. मीही तेच सांगत आले. आई अजून त्या हरणाला शिव्या घालते.

उद्या आई माझ्या शेजारी बसणार आहे. परतताना मी त्याच वळणावर गाडी उभी करणार आणि तिला सांगणार, की त्या दिवशी रस्ता मोकळा होता.

हे पत्र काही पोस्टात टाकत नाही. तुला आईचाच फोन येईल.

तुझी बहीण,
ओतिलिया