बिल्ल्यावरचं आडनाव

५ जाने., सोम.
ठरलं. आमच्या अंतराळयानाच्या मालिकेच्या चाहत्यांचं संमेलन. पंचवीसले, वाशिमलेच, मंगल कार्यालयात. ग्रुपवर नुसता धिंगाणा. कंदीलनं वेगळा मेसेज टाकला, "टिटवी, आता तरी दिसशील?"
मी मालिकेवर गोष्टी लिहिते, त्या सगळ्यात आधी हा माणूस वाचते. पाच वर्षं झाली. मी आजारी असली तरी त्याले वाक्यावरून कळते. धनज गावचा आहे, इतकंच ठाऊक. ग्रुपवर तो कंदील, मी टिटवी; खरं नाव त्यानं विचारलं नाही, म्या सांगितलं नाही.
'हो' टाकलं.

७ जाने.
संमेलनात गळ्यात घालायच्या बिल्ल्यासाठी संयोजक नावं मागवून राह्यले. 'नुसतं टिटवी' असं कळवलं. आडनाव वाचलं की रिठदात आमचं घर कोणत्या बाजूले, हे लोक न विचारता समजून घेतात. होस्टेलवर रूममेट माझ्या डब्यातला ठेचा बोटानं चाटून खायची. दाराले नावाची पाटी लागली अन् दुसऱ्या दिवसापासून तिले ॲसिडिटी झाली.
ती गेली उडत. पण कंदील तसा निघाला तर मी काय करू.

१२ जाने.
बाबांनी घोळ केला. मी आंघोळीले, संयोजकाचा फोन यायनं उचलला. "इथं टिटवी-फिटवी कोनी नाई. माह्या पोरीचं नाव लिहून घ्या." अन् सांगितलं. माझं, त्यायचं, आडनाव. आडनाव दोनदा, सावकाश. सगळीकडे तसंच सांगतात. वरून, "मोठ्या अक्षरात टाका."
मी ओरडली, "काहून सांगतलं तुमी?"
बाबा उठले, कपाटातून एसटीचा पितळी बिल्ला काढून आणला. "सारी नोकरी छातीवर हा नंबर घेऊन फिरलो. लोक म्हनत, ए कंडक्टर. तुह्या बिल्ल्यावर नाव पाह्यजे, माय."


१६ जाने.
संयोजकाले फोन. "ताई, छपाईले गेलं. खाली टिटवी टाकलं आहे ना बारीक अक्षरात."
खाली. बारीक. फोन ठेवून रडली. आई म्हणे, "मंग जाऊ नोको." जाऊ नको! माझा सारा जीव त्या लोकात अडकला अन् हे म्हणते जाऊ नको.
कंदीलचा मेसेज: "पिवळी ओढणी घालून ये. लगेच ओळखीन."

२१ जाने.
त्याले आधीच सांगून टाकावं. लिहिलं, खोडलं. परत लिहिलं. दिवाळीत ग्रुपवर एकानं आरक्षणावर विनोद टाकला होता. सगळे हसले. कंदील हसला नाही. पण बोललाही नाही. त्याच्या त्या गप्प बसण्याचा अर्थ सकाळपासून लावून राह्यली. कधी एक निघते, कधी दुसरा. डोकं फुटायची वेळ आली. मेसेज नाहीच पाठवला.

२४ जाने., शनि.
बाबांनी लग्नातलं शर्ट इस्त्री केलं. "मी येतो सोडाले. बिल्ला लावून फोटो काढू, बैठकीत टांगू."
नाही म्हणता येईना. या माणसाले कोणत्या तोंडानं सांगू की तुमचं नाव मले लपवायचं आहे.

२५ जाने.
कार्यालयाच्या बाथरूममध्ये. आतून कडी लावली. टेबलावरून बिल्ला घेतला अन् थेट इथं घुसली. आडनाव खरंच लय मोठं. टिटवी शोधावी लागते.
उलटा घातला तर बाबा पाहतील. सुलटा घातला तर कंदील.
बाबा बाहेरच उभे आहेत, फोटोसाठी. आता कोणीतरी त्यायले विचारलं, "काका, पिवळ्या ओढणीतली पोरगी दिसली काय? टिटवी म्हणतात तिले." आवाज त्याचाच. व्हॉइस नोट ऐकून ऐकून पाठ आहे.
"माहीच पोरगी हाय ते," बाबा म्हणाले. अन् नाव सांगितलं. पूर्ण. आडनाव दोनदा, सावकाश.
त्यावर तो काय बोलला, ऐकू नाही आलं. दाराले कान लावून बसली. बोलला का नाही तेही कळेना. तिथं आहे का गेला.
बाबा एकटेच बोलून राह्यले.
बिल्ला गळ्यात घातला. सुलटा. आता कडी काढते.