बाबांनी जर्सीतच यावं

वसतिगृह, लिंकनशायर
९ जुलै १९५६

प्रिय आई,

मी ठणठणीत आहे, जेवतोही भरपूर. आपल्या छोट्या मेव्हिसचा खोकला थांबला का?

लॅटिनचं बक्षीस मलाच मिळालंय! माझ्या बोलण्याची नक्कल करणारी पोरं आता माझ्याच वहीतून उतरवतात. शनिवारी समारंभ आहे आणि तू लिहितेस, पाठ दुखतेय म्हणून बाबा येणार नाहीत. पाठबीठ काही नाही, मला माहितेय.

या ग्रामर स्कूलमध्ये निवड झाली तेव्हा फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'मासळीचे व्यापारी' लिहिलं होतं. बाबांनी ते वाचलं, खाली सही केली आणि फॉर्म घडी करून माझ्या हातात दिला.

आज शाळेच्या कचेरीत जाऊन मी ते खोडलं आणि 'मासेमारीच्या ट्रॉलरवर खलाशी' लिहिलं. प्रुएट सर म्हणाले, "अरे, आधीचं काय वाईट होतं? बरं दिसत होतं की!"

"दिसत होतं, सर, पण खोटं होतं," मी म्हटलं. शिक्षा देणार असतील तर देऊ देत.

बाबांना सांग, कुणाचा कोट मागून आणायचा नाही. तू विणलेली बोटीवरची निळी जर्सी घालायची आणि पहिल्या रांगेत बसायचं. माझं नाव पुकारल्यावर ती खुर्ची रिकामी दिसली, तर मी जागचा हलणार नाही.

खलाशाचा मुलगा,
नॉर्मन