तळ्याकाठी लावलेली मेणबत्ती

बरका, ओमान
१२ सप्टेंबर २०१४

सफियाला हमझाभाईचा सलाम.

तुझ्या ऑपरेशनला तीन महिने झाले आणि मी आता लिहायला बसलो, माफ कर. कागद चार दिवस उशीखाली होता. फोनवर हे सांगायला जीभ वळत नाही.

तेव्हा घरी यायला रजा मिळाली नाही म्हणालो, ते खोटं होतं. आमच्या मालकांनी, अर्बाबांनी विचारलं होतं, "घरी जातोस, की स्वयंपाकाला माझ्यासोबत इटलीला येतोस?" जन्मात फिरायला म्हणून कुठे गेलो नव्हतो. मी इटली म्हणालो.

तिथं आपल्या जयगडच्या खाडीएवढं तळं आहे. जुन्या किल्ल्याची भिंत थेट पाण्यात उतरते. चर्चच्या दारात दोन दगडी सिंह आहेत, त्यांच्यापाशी मी सवयीने चपला काढल्या. अर्बाब हसले, "हमझा, घाल त्या. ही मशीद नाही." मी त्या काखेत धरून अनवाणीच आत गेलो. बायका मेणबत्त्या लावत होत्या. त्याच दिवशी तुझं ऑपरेशन होतं. दर्ग्यात लावतो तशी मीही एक लावली, तुझ्या नावाने.

तुझी जखम अजून भरत नाही, असं तुझा लेक तौहीद फोनवर म्हणाला. तेव्हापासून धास्ती आहे. परक्या ठिकाणी तुझं नाव घेतलं, त्याचं तर हे नाही? की खोटं बोललो, त्याचं? मौलवींना विचारायची हिंमत होत नाही.

लवकर कळव. जखम भरली असेल तर आधी तेवढंच लिही, रागवायचं ते नंतर.

तुझा भाई,
हमझा